नकाशाची दुसरी प्रत

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलीला तर नाहीच. निवृत्त होऊन तिसरं वर्ष चालू आहे, आता मला विचारणारं कुणी उरलेलं नाही, तरी तोंडातून निघत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा तुम्ही मला "असू द्या हो, होतं असं" म्हणणार नाही — म्हणून.

मी बीडमध्ये एका सरकारी कार्यालयात भूसंपादन शाखेत अव्वल कारकून होतो. कुठलं कार्यालय ते राहू द्या. रस्त्यासाठी, तलावासाठी सरकार लोकांच्या जमिनी घेतं, त्याची कागदपत्रं आमच्याकडं असायची. यातलं एक आधी समजून घ्या. रस्ता कुठून जाणार हे जाहीर होतं ते फार उशिरा. तोपर्यंत नकाशा लाल शिक्का मारून कपाटात असतो — गोपनीय. कारण उघड आहे. ज्याला आधी कळतं तो माळावरची जमीन कवडीमोलानं घेऊन ठेवतो, आणि पुढं सरकारचा मोबदला त्याच्या नावावर निघतो. ज्याची जमीन होती तो बघत बसतो. एवढ्यासाठी ते कपाट आणि ते कुलूप. किल्ली माझ्याकडं होती.

मंगलबाई आमच्या शाखेत शिपाई. नवरा आमच्याच खात्यात होता, तो वारला, त्याच्या जागी ती लागली. शिरूर कासारकडची, धनगराच्या घरातली. माहेरची माणसं मेंढरांमागं, सासरची ऊसतोडीला. नोकरी लागायच्या आधी तिनं स्वतः पाच-सहा हंगाम उसाच्या फडात काढले होते. त्यामुळं पंख्याखाली बसून मिळणाऱ्या पगाराची किंमत तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होती. दहाच्या आधी हजर. आम्हा सगळ्या कारकुनांना भाऊसाहेब म्हणायची. मला एकदा डेंग्यू झाला होता, तेव्हा दोन आठवडे रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन घरी आली. मी तिला त्याबद्दल कधी काही बोललो होतो का? आठवत नाही. नसेनच.

बघा — तिच्याबद्दलच बोलत बसलो. बोलायचं माझ्याबद्दल होतं.

आमच्या भागात एक पुढारी होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही तेवढंच म्हणतो. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची बदली पार आष्टीकडं झाली होती, रोजच्या एसटीनं ती खंगत चालली होती. आप्पांनी शब्द टाकला आणि ती बीडजवळच्या शाळेवर आली. पैसे मी कधी घेतले नाहीत. ही गोष्ट मी स्वतःला पुष्कळ वर्षं ऐकवत आलो — जणू त्यानं काही फरक पडतो.

काही महिन्यांनी आप्पांनी आठवण काढली म्हणून त्यांचा पुतण्या घ्यायला आला. मी गेलो. आप्पांनी मला शेजारी बसवून घेतलं, भजी मागवली, मुलीच्या शिक्षणाची चौकशी केली. नकाशा द्या असं ते एकदाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग, सध्या काय चाललंय तुमच्याकडं?" बस. आणि मी सांगितलं. नवा रस्ता, लिंबागणेशच्या अलीकडचा माळ — सगळं. मोठ्या माणसाच्या शेजारी बसल्यावर आपल्याकडंही सांगण्यासारखं काही असावं असं वाटतं का हो माणसाला? मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं, नकाशा काढला आणि मंगलबाईच्या हातात दिला. दोन प्रती काढून आणा म्हणालो. तिनं लाल शिक्का बघितला.

"भाऊसाहेब, ह्याच्या काढायच्या असत्यात का?"

"साहेबांनी सांगितलंय," मी म्हणालो. साहेबांनी काही सांगितलं नव्हतं.

एक प्रत फाइलीत लावली. दुसरीच्या कडेला मी माझ्या पेनानं कुठल्या जमिनी रस्त्यात जातात त्यांच्या गटांचे आकडे ओळीनं लिहिले — त्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून. काम चोख करायची सवय. ते पाकीट त्याच दुपारी पुतण्याच्या हातात गेलं.

मग माळावर खरेद्या सुरू झाल्या. एकेक शेतकरी, एकेक मेंढपाळ, खुशीनं सह्या करत होता. त्या बरडाला गिऱ्हाईक आलं हेच त्यांना नवल. त्यांच्यात एक सोपान होता, मंगलबाईचा मावसभाऊ. त्याची तीन एकर. पिकत काही नव्हतं, मेंढरं बसवायला कामी यायची. पुतण्या त्याच्याकडं गेला तेव्हा त्यानं बहिणीला विचारलं — तू सरकारात हायेस, इकू का? तिनं प्रती काढताना नकाशा बघितला होता. भावाचा गट त्यात होता. ती म्हणाली, "सोपान, चार-सहा महिने थांब. इकू नको." कारण सांगितलं नाही, कागद दाखवला नाही, दुसऱ्या कुणाला बोलली नाही. तिचा गुन्हा तो एवढा. दोन वाक्यं.

सोपान अडून बसला. पुतण्यानं भाव वाढवला, तरी नाही. शेवटी त्या भोळ्या माणसानं सांगून टाकलं, "माझी बहीण हापिसात हाय. ती नको म्हनली."

आठवड्याभरात आप्पांची लेखी तक्रार आली — आपल्या कार्यालयातून गोपनीय माहिती फुटत आहे. ज्यांच्या घरात ती प्रत पडली होती, त्यांची तक्रार. ती मी वाचली. तीन-चार दिवस मला जेवण गेलं नाही. मग कळलं, माझं नाव कुठंच नाही आणि येणारही नाही. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगू? हलकं वाटलं. मंगलबाईचं नाव चौकशीच्या कागदावर होतं आणि मला हलकं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवलो.

ती नाकबूल गेली नाही. विचारलं तसं हो म्हणाली. एकाच दिवशी निलंबन झालं, पोलिसात गुन्हा दाखल झाला. भर दुपारी सगळ्या कार्यालयासमोर महिला पोलिसांनी तिला जीपमध्ये बसवलं. जायच्या आधी तिनं माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता — रोजच्यासारखा. मी खिडकीतून बघत होतो. खाली गेलो नाही.

मग विभागीय चौकशी. कार्यालयाच्या बाजूनं साक्षीदार मी. नकाशा माझ्या ताब्यात असायचा ना. वरच्या मजल्यावर चौकशी अधिकारी, एक लिहून घेणारा, मी आणि ती. तिच्या बाजूनं कुणी नव्हतं. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती उभी राहिली.

"मी भावाला सांगितलं, साहेब. ती माझी चूक हाय. पण त्या नकाशाची दुसरी प्रत मीच काढलती, भाऊसाहेबांनी सांगितलं म्हणून. ती कुटं गेली ते त्यांना इचारा."

अधिकारी माझ्याकडं वळले. "अशी काही दुसरी प्रत काढली होती का?"

इथं थांबतो जरा. इतकी वर्षं मी याच जागेवर येतो आणि परत फिरतो. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणावंसं वाटतं, पण मिळाला होता. लिहून घेणारा कागद बदलत होता, तेवढा वेळ होता. मी घाबरलो होतो का? फारसं नाही. मला माहीत होतं की मी नाही म्हणालो तर कुणी पुढं विचारणार नाही.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

आवाज हलला नाही. मंगलबाईनं माझ्याकडं बघितलं. राग असता तर मी आज तो विसरलो असतो. तिनं असं बघितलं, जसं आपण कुणाला तरी ओळखीचा समजून हाक मारतो आणि वळून बघतो तर तो भलताच निघतो.

माझ्या त्या एका शब्दानं आणखी एक झालं, तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. चौकशीच्या अहवालात तिच्यावर दुसरा ठपका आला — आपला दोष झाकण्यासाठी तिनं वरिष्ठावर खोटा आरोप केला. त्यामुळं शिक्षा वाढली. तिला बडतर्फ केलं. नोकरी गेली, पेन्शनही गेली.

यानंतर मी सुटलोच असतो. पण पुतण्याचं आणि त्याच्या भागीदाराचं बिनसलं, आणि भागीदारानं नकाशाचा फोटो मोबाईलवर सगळीकडं पाठवला. कडेला माझ्या अक्षरात गटांचे आकडे. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, मोबाईल टेबलावर ठेवला.

"हे अक्षर तुमचं."

"हो, साहेब."

मला वाटलं, आता संपलं. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आप्पांचा फोन आला होता. विषय वाढवू नका म्हणतात." आणि दोन दिवसांनी मला पत्र मिळालं. तीन ओळींचं. गोपनीय कागदपत्रे हाताळताना यापुढे दक्षता घ्यावी. नकाशा फुटला, कुणी फोडला, यातलं एक अक्षर नाही. पुढच्या वर्षी मी नायब तहसीलदार झालो. पेढे वाटले. बायकोनं नवी साडी नेसून सगळ्या शाखेला जेवण घातलं.

तिनं एका माणसाला थांब म्हटलं. मी अख्खा माळ देऊन टाकला. तिला काय मिळालं आणि मला काय — हे तुम्हाला वेगळं करून सांगायला नको.

ती एकदा माझ्या घरी आली. रविवार होता. तिनं अपील केलं होतं. बायकोनं खुर्ची दिली तरी पायरीवरच बसली. बायको चहा ठेवायला आत गेल्यावर ती हळू आवाजात बोलली.

"भाऊसाहेब, मोबाईलवर नकाशा फिरला म्हनं. तुमचं अक्षर हाय म्हनत्यात. मला माफ करा म्हनून न्हाई आले मी. मी सांगितलं ते सांगितलं. फकस्त मी खोटं बोलले न्हवते, एवढं लिवून द्या. खोटारडी म्हनून काढलं मला. ते लई लागतंय."

एवढंच मागत होती ती. नोकरी नाही, काही नाही. एक ओळ. ती लिहायला मला पाच मिनिटं लागली असती.

मी म्हणालो, "मंगलबाई, माझ्या हातात काही नाही. साहेबांना विचारावं लागंल."

ती उठली. चहा येईपर्यंत थांबली नाही. बायको कप घेऊन बाहेर आली आणि कशाला आली होती म्हणून विचारलं. मी म्हणालो, मदत मागायला. बायको म्हणाली, "मग द्यायची होती काहीतरी. तुमच्या आजारपणात किती केलं तिनं."

अपील फेटाळलं गेलं. रस्ता झाला. त्या माळावर मोबदला स्वतःच्या नावावर मिळालेला मेंढपाळ एकटा सोपान. बाकीच्यांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या. त्यांतले दोघं-तिघं मला बाजारात दिसतात. रामराम घालतात. त्यांना माहीत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी शिरूर कासारला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. विचारत विचारत घर सापडलं. सून दारात ज्वारी निवडत बसली होती. म्हणाली, आत्याबाई टोळीसंगं गेल्यात, ऊसतोडीला. मी विचारलं, ह्या वयात? ती म्हणाली, "काय करावं मग? पोलिसांची केस चालू हाय अजून. वकील लागतोय."

तिनं पाणी दिलं. "कोण आलतं म्हनून सांगू?"

आणि मी — मी गायकवाडचं नाव सांगितलं. गायकवाड आमच्या शाखेतला साधा लिपिक. पोलिसांनी धरलं तेव्हा मंगलबाईला जामीन राहिलेला तो एकटा माणूस. ते नाव माझ्या तोंडात कसं आलं, मला माहीत नाही. सुनेचा चेहरा उजळला. ज्वारीचं सूप बाजूला सारून ती उठली. "तुमी व्हय ते? आत्याबाई लई नाव काढत्यात तुमचं. बसा, बिगर चहाचं जाऊ देत नसते."

मी बसलो. तिनं सायीचा चहा केला, तो प्यालो. लेकराला माझ्या पाया पडायला लावलं तिनं, तेही पडू दिलं. मग उठून गाडीवर बसलो.

मंगलबाईच्या तारखा बीडच्या कोर्टात अजून पडतात. कोर्ट माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी रोज सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला जातो. आत जाऊन मी अजून काही सांगितलेलं नाही.