हनुवटीखाली मूठ

दवाखान्याच्या बाकड्यावर माणूस दुखणं घेऊन बसतो अन् किस्से घेऊन उठतो! उमरग्याला फिजिओथेरपीवाल्या नसरीन मॅडमकडं आमी जबड्याचे सात-आठ पेशंट दर मंगळवारी-शुक्रवारी जमायचो. दोन महिन्यांत इतकं साठलं की आता धाकट्या सुनेला लिहून घ्यायला बसवलंय. मला लिहिता येत न्हाय. तिचं हसू थांबलं की पुढचं सांगतो.

माझं दुखणं साधं. बैलाच्या दाव्याची गाठ दातानं सोडायची जन्माची खोड. एक दिवस गाठ सुटली अन् जबडा अडकला! तोंड उघडायचं एक बोटभर. कानापाशी ठणका.

अन् नेमका नातीचा साखरपुडा ठरलेला! आमच्या भावकीत त्या दिवशी दोन्हीकडच्या आजोबांनी एकमेकांला लाडू भरवायचा. आख्खा! फोडून दिला तर सोयरीक मनापासनं न्हाय, असं बायका धरतात. म्या फक्त माझ्या बायकोला, रखमाला सांगितलं. येरमाळ्याला पोराचं घर बघायलाबी गेलो न्हाय. तोंड दाखवायची सोयच नव्हती.

*

मॅडम रबरी मोजे घालतात, अंगठा आत खालच्या दाढेवर ठेवतात अन् जबडा हळूच खाली दाबून पुढं ओढतात. बघणाऱ्याला वाटावं, बैलाला औषध पाजायलेत!

मस्तानभाई ट्रकवाला पहिल्याच दिवशी घाबरला. मॅडमचा अंगठा आत असताना तोंड गच्च मिटलं! आमी सगळे बाकड्यावरून उठलो.

मॅडमचा आवाज जरासुद्धा चढला न्हाय. "भाई, हँडब्रेक सोडा."

सुटला की!

*

मॅडमचा एक नियम. हसू आलं, जांभई आली, की हनुवटीखाली मूठ धरायची. जबडा एकदम उघडू द्यायचा न्हाय.

आमच्यात सखूबाई भाजीवाली. ती बोलायला लागली की आमी सगळे मुठी लावून, माना खाली घालून, आवाज न करता हसायचो. डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा!

एकदा एक नवा पेशंट दारात आला. आमच्याकडं बघून त्यानं गुपचूप चपला काढल्या, शेजारी बसला, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"कधी झालं, काका?"

*

पास व्हायचं माप म्हणजे आपलीच तीन बोटं. एकावर एक धरून दातांत मावली पायजेत.

चौथ्या आठवड्यात माझी मावली! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "काका, फर्स्ट क्लास!"

तेवढ्यात सखूबाई वरडली, "ओ मॅडम, आधी बोटं मोजा! मधलं अर्धं कडबा कुट्टीच्या मशिनीत गेलंय म्हाताऱ्याचं!"

चाळीस वर्षं झाली त्याला. माझ्या तर ध्यानातच नव्हतं. डाव्या हातानं मोजलं. नापास!

*

रखमाचा बोटांवरचा इश्वासच उडाला. तिनं स्वतःचं माप काढलं. शेंगदाण्याच्या कुटाचे मऊ लाडू! पहिल्या आठवड्यात बोराएवढे, मग लिंबाएवढे, मग चिकूएवढे. रोज सकाळ-संध्याकाळ परीक्षा.

महिन्यानं मॅडम म्हणाल्या, "काका, जबडा सुधारतोय. पण पोट कशानं सुटतंय?"

*

अकरा नंबरवाले कुणाशी बोलायचे न्हायत. लांबून यायचे, तोंडाला टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसायचे. नाव फक्त मॅडमला ठाऊक, आमाला नुसता केसपेपरचा नंबर. त्यांची एक सवय. तोंड उघडायच्या आधी डावा डोळा मिटायचे अन् कानाखाली बोटानं दोनदा टकटक करायचे.

सखूबाई म्हणाली, "दार वाजवताय व्हय? आत हाय का कुणी?"

टॉवेलमागं खांदे गदागदा हालले. मूठ मात्र बरोबर हनुवटीखाली गेली!

*

साखरपुड्याचा दिवस उजाडला. मांडवात समोरासमोर दोन पाट. पोराचे आजोबा, थोरले व्याही आले. पांढरा फेटा, झुपकेदार मिशा. मला बघितलं अन् जागच्या जागी थबकले!

माझ्या जबड्याचं कुणी सांगितलं का काय ह्यांना?

ताट आलं. येरमाळ्याचा लाडू! रखमाच्या कुठल्याच मापात न बसणारा! ती बायकांतून मला तीन बोटं दाखवायली.

व्याह्यांनी लाडू उचलला. मॅडमनी शिकवल्यागत म्या जीभ टाळूला लावली. हळू... हळू...

गेला! आख्खा!

आता माझी पाळी. म्या लाडू त्यांच्या तोंडाशी नेला.

व्याह्यांनी डावा डोळा मिटला. कानाखाली बोटानं दोनदा टकटक केलं.

लाडू आत गेला. आख्खा.

माझं तोंड भरलेलं, त्यांचं भरलेलं. म्या हनुवटीखाली मूठ धरली. समोर त्यांनीबी धरली. दोघांच्या माना खाली, डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा!

मागं पोराच्या आजीनं डोळ्याला पदर लावला.

"बघा गं बायांनो, पोरीसाठी दोन्ही आजे कसे रडायलेत!"