लॅबच्या ताईंची निळी गाडी

लॅबच्या ताईंना ऐकीव गोष्ट चालत नसे. ठाण्याला वर्तकनगरच्या नाक्यावर नवीन उडप्याचं हॉटेल उघडलं आणि कुणी म्हणालं की तिथलं सांबार फार गोड असतं, तर ताई "हो का" एवढंच म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकट्याच जाऊन इडली खाऊन, सांबार पुन्हा मागून घेऊन परत यायच्या. मग जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "गोड आहे. पण वाईट नाही." गच्चीवर उन्हाळ्यात वारा असतो, असं कुणीतरी म्हणालं म्हणून त्या भर दुपारी छत्री घेऊन गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "बघून येते" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि त्या खरंच बघून यायच्या.

त्यांचं नाव सुमन, पण आमच्या इमारतीत त्यांना सगळे लॅबच्या ताई म्हणायचे. कोलशेतला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी अख्खी नोकरी केली. लग्न केलं नाही. आईचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. सुती साडी, खांद्याला जाडसर कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी नवीन सापडल्यासारखा भाव. मी आणि मेघना लग्नानंतर त्यांच्या समोरच्या खोल्यांत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी दार वाजवून त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या नळाला पाणी कसं येतं, बघू का?"

मग त्यांची कंपनी बंद झाली. कोलशेतच्या इतर कारखान्यांसारखीच ती जागाही बिल्डरकडे गेली आणि सगळ्यांना एकरकमी पैसे मिळाले. ताईंच्या बरोबरच्या लोकांपैकी कुणी मुलासाठी फ्लॅट बुक केला, कुणी गावचं घर बांधायला काढलं. ताईंना मूलबाळ नाही, त्यामुळे त्या काय करणार याची इमारतीत सगळ्यांना उत्सुकता होती. एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, "प्रसाद, उद्या मोकळा आहेस ना? माझ्याबरोबर गाडी बघायला चल."

मला वाटलं, छोटीशी ऑटोमॅटिक गाडी असेल. रिक्षा घोडबंदर रोडला एका काचेच्या भल्यामोठ्या शोरूमसमोर थांबली, तेव्हा मी रिक्षावाल्याला म्हणालो, "इथे नाही हो, पुढे." ताई म्हणाल्या, "इथेच." आत जर्मन गाड्या उभ्या होत्या. सेल्समन माझ्याकडे आला, माझ्याशी हात मिळवला आणि ताईंसाठी खुर्ची आणायला सांगितलं. ताई खुर्चीत बसल्या नाहीत. एका गडद निळ्या गाडीजवळ जाऊन त्यांनी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "आवाज ऐकलास? तिजोरीसारखा येतोय," त्या म्हणाल्या. मग सेल्समनला म्हणाल्या, "ही गाडी घ्यायला येणारे लोक काय काय विचारतात?"

तो पोरगा जरा घुटमळला. "खरं सांगू मॅडम? जास्त काही विचारत नाहीत. शेजाऱ्याकडे कुठली आहे ते सांगतात, आणि त्याच्या वरची मागतात."

"आणि आपल्याला काय हवंय ते?"

"ते क्वचित."

ताईंनी ते उत्तर फार गंभीरपणे ऐकून घेतलं. मग आम्हाला कॉफी दिली गेली. मी हळूच म्हणालो, "ताई, एवढी मोठी गाडी कशाला? तुम्ही जाणार कुठे?" तेव्हा त्यांनी मला कंपनीच्या फाटकाची गोष्ट सांगितली. कामगार आणि स्टाफ बाजूच्या छोट्या दारातून आत जायचे. मालकांची गाडी आली की मोठं फाटक उघडायचं आणि वॉचमन सलाम ठोकायचा. गाडीच्या काचा काळ्या. "एकदा ती गाडी रिकामी होती. ड्रायव्हर एकटाच पेट्रोल भरून परत आला होता. तरी फाटक उघडलं, सलाम झाला. मी बाजूला उभी होते. तेव्हापासून मला बघायचंय की त्या काचेच्या आत बसल्यावर माणसाला होतं तरी काय. आता पैसे आहेत, तब्येत आहे. उद्या दोन्ही असतील कशावरून?"

त्यांनी तीच निळी गाडी घेतली.

कल्याणहून त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, तावातावाने आले. समोरचं दार बंद असूनही आम्हाला सगळं ऐकू आलं, आणि नंतर ताईंनी मला आत बोलावलं, बहुधा तिसरं माणूस असलं की अण्णा आवाज खाली ठेवतील म्हणून. अण्णांचा मुलगा ओंकार नुकताच नोकरीला लागला होता आणि त्याच्यासाठी कल्याणला फ्लॅट बघणं चालू होतं.

"सुमे, हा पैसा घरात आला असता," अण्णा म्हणाले.

"कुणाच्या घरात?"

"आपल्या. तुझ्या-माझ्यात वेगळं काय आहे?"

"काही नाही. मग गाडीही आपलीच आहे. ये, बस."

अण्णा बसले नाहीत. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही तरी समजवायचं." खाली उभ्या असलेल्या निळ्या गाडीला वळसा घालून, तिच्याकडे न बघता ते रिक्षात बसले. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ त्यांनी ताईंना फोन केला नाही. ताई त्याबद्दल बोलत नसत. फक्त गणपतीत, दरवर्षी जिकडे जायच्या त्या कल्याणच्या घरी न जाता, आमच्याकडे येऊन मोदक वळत बसल्या. मेघनाने विचारलं, "वाईट वाटतंय का ताई?" त्या म्हणाल्या, "वाटतंय. पण गाडी परत केली तरी वाटेल. वेगळ्या कारणाने."

गाडी चालवायला त्या नोकरी संपल्यावर शिकल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी गाडी चालवा, मग मी सगळं सांगतो." हळू चालवायच्या पण नीट चालवायच्या. रविवारी सकाळी लवकर निघून कधी येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, कधी खाडीच्या कडेने कोलशेतपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. कुठे जाऊन आलात, असं विचारलं तर म्हणायच्या, "कुठेच नाही. नुसती गेले."

पण त्यांचा खरा उद्योग वेगळाच होता. गाडी घेतल्यावर लोक कसे वागतात हे त्या बघत असत, आणि जिन्यात मला त्याचा वृत्तांत मिळे. डोंबिवलीला एका लग्नाला त्या सकाळी मुहूर्ताला रिक्षाने गेल्या आणि त्याच हॉलला संध्याकाळी रिसेप्शनला गाडीने. साडी तीच. "सकाळी मला म्हणाले, मावशी, चप्पल तिकडे काढा. संध्याकाळी तोच माणूस म्हणाला, मॅडम, चप्पल राहू दे." हे सांगताना त्यांना राग आलेला नसे. मिश्रणाचा रंग बदललेला दिसावा तशा त्या खूश असत. एकदा म्हणाल्या, "वॉचमन लगेच बदलतो. डॉक्टरला थोडा वेळ लागतो. नातेवाइकांचं अजून कळायचंय."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "आत बसल्यावर काय होतं?"

"पहिले काही दिवस मीसुद्धा मान ताठ करून बसायचे. कोण बघतंय का ते बघायचे. मग ते गेलं. आता फक्त शांत वाटतं. बाहेर इतका गोंगाट असतो आणि आत काही ऐकू येत नाही. आईच्या आजारपणात असं एक दार असतं तर बरं झालं असतं." एवढं बोलून त्या भाजी चिरायला आत निघून गेल्या.

आणि मग ओंकारचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन अण्णा स्वतः आले. चहा झाला, मुलीकडच्यांची चौकशी झाली. अण्णा पुन्हा पुन्हा खिडकीतून खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "मुलीकडचे लोक जरा मोठे आहेत. नवरदेवासाठी गाडी सांगायची म्हणतोय. भाड्याच्या मिळतात, पण त्या कशा असतात..."

"माझी ने," ताई म्हणाल्या. अण्णांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. "पण चालवणार मी."

"तू? अगं, तू आत्या. वरमाईच्या बरोबर बसायचं, मिरवायचं तू."

"मी मिरवतेच आहे. पुढे बसून."

लग्नाच्या दिवशी ताईंनी जांभळी पैठणी नेसली आणि पायात कॅनव्हासचे बूट घातले, कारण चपलांनी ब्रेक नीट लागत नाही. कल्याणला अण्णांच्या घरून आम्ही निघालो. ओंकार फेटा सांभाळत पुढे ताईंच्या शेजारी बसला. खरं तर नवरदेवाने मागे बसायचं, पण तो म्हणाला, "मी आत्याजवळ बसणार." मागे अण्णा आणि मी. अण्णा या गाडीत पहिल्यांदाच बसत होते. सीटच्या अगदी कडेला, हात मांडीवर ठेवून, बँकेत साहेबांसमोर बसतात तसे.

ताईंनी आरशातून बघितलं. "अण्णा, टेक की मागे. पाठ दुखते ना तुझी?"

ते टेकले. हॉल फार लांब नव्हता. रस्त्यात रिक्षा, फेरीवाले, कर्कश हॉर्न, पण आत काहीच येत नव्हतं. अण्णांनी एकदा डोळे मिटले. हॉल आला तेव्हा बँडवाले अजून वाद्यं उतरवत होते. ताईंनी विचारलं, "आलो. उतरायचं?"

मग अण्णा म्हणाले, "मुहूर्ताला वेळ आहे अजून."

ताईंनी गाडी पुढे घेतली. ओंकार मागे वळून वडिलांकडे बघायला लागला. आम्ही दुर्गाडीकडे गेलो, खाडीच्या पुलावर आलो. खाली पाणी ओसरलेलं होतं आणि चिखलात बगळे उभे होते. पुलाच्या मध्यावर अण्णांनी विचारलं, "एकटीच फिरतेस हिच्यात?"

"हो."

"कुठे जातेस?"

"कुठे नाही. अशीच."

"मला कधी विचारलं नाहीस."

समोर एक टेम्पो रस्ता बदलत होता, त्याला ताईंनी जाऊ दिलं. मग म्हणाल्या, "तू बोलत नव्हतास."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. पलीकडे वळून आम्ही परत आलो तेव्हा मुलीकडची मंडळी दारात काळजीने उभी होती, आणि अण्णा उतरून त्यांना म्हणाले, "ट्रॅफिक होतं." व्हिडिओवाला धावत आला आणि ताईंना म्हणाला, "काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." ओंकार काहीतरी बोलणार होता, पण ताई तोपर्यंत आनंदाने बाजूला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मला बोलावून हळूच म्हणाल्या, "बघ, सगळे आधी गाडीकडे बघतायत, मग नवऱ्याकडे. बिचारा ओंकार."

त्यानंतर बरेच रविवार ती गाडी कल्याणहून अण्णांना घेऊन फिरायला जाऊ लागली. दोघं बोलत नसत म्हणे फारसं. ताईंच्या वहिनी थर्मासमध्ये चहा भरून द्यायच्या.

आणि एक दिवस ताईंनी गाडी विकून टाकली. मला वाटलं, काही अडचण आली. "अडचण कसली. बघून झालं," त्या म्हणाल्या. तिची सर्व्हिसिंगची बिलंही भलतीच असायची, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आता सर्वांत जास्त हळहळले ते अण्णा. "घेतली तेवढ्याला तर गेलीच नाही. केवढं नुकसान झालं." ताई म्हणाल्या, "नाटक बघून आल्यावर तिकीट कुणी परत घेतं का?" सोसायटीचा वॉचमन त्यांना पुन्हा नुसती मान हलवून सोडायला लागला, याचीही त्यांनी नोंद घेतली. "यालाही लगेच कळलं," त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास मला बढती मिळाली आणि ऑफिसात सगळे मला मोठी गाडी घ्यायला सांगू लागले. मी ताईंचा सल्ला विचारला. त्या म्हणाल्या, "तुला हवी असेल तर घे, मला विचारू नकोस. त्यांच्यासाठी घेत असशील तर रंग मात्र त्यांनाच विचार." मी बरेच दिवस स्वतःला विचारत राहिलो की मला नक्की काय हवंय. उत्तर सोपं नव्हतं. शेवटी मी आणि मेघनाने मोठी सुट्टी काढली आणि लग्नानंतर राहून गेलेला हिमालयाचा प्रवास केला. ऑफिसात कुणी विचारलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळे पांगले. आम्ही कळव्याला भाड्याने गेलो, ताईंनी कल्याणला अण्णांच्या शेजारच्या इमारतीत जागा घेतली. त्यांचं सामान न्यायला टेम्पो आला. ओंकार म्हणाला, "आत्या, तू माझ्या गाडीतून चल, एसी आहे." पण ताई तोपर्यंत टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवून वर चढल्या होत्या आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. आम्ही निरोप द्यायला खिडकीखाली उभे राहिलो. मेघनाचे डोळे भरून आले होते.

ताई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या. "इथून सगळं वेगळंच दिसतं रे," त्या मला म्हणाल्या, आणि लगेच ड्रायव्हरकडे वळल्या. "हा गिअर एवढा लांब का? लोड असताना चढावर जड जात असेल ना?"

तो तिशीतला माणूस आधी हसला, मग हाताने दाखवत समजावून सांगू लागला. इंजिन चालू होतं, फाटक उघडं होतं, मागे ओंकार हॉर्न देत होता. त्यांचं बोलणं संपेना. शेवटी टेम्पो निघाला तेव्हाही ताईंचं तोंड त्याच्याकडेच वळलेलं होतं. आमच्याकडे बघून हात हलवायचा राहूनच गेला.