आगसाप आणि पाणपक्षी
बबलगमचा गोड वास आला की मला संतपुरातलं आमचं अंगण आठवतं. गमच्या पाकिटात तेव्हा अचाट प्राण्यांची कार्डं निघायची. शेजारची मैत्रीण आणि मी ती जमवायचो आणि आगसाप भारी की पाणपक्षी, यावर तासन्‌तास भांडायचो. "कार्डावर सापाचीच ताकद जास्त लिहिलीय," मी म्हणायचे. "पन त्यो ऱ्हातोय कुठं? बेटावर. भवती सगळं पानी, इझून जाईल की!" ती म्हणायची. मग तिच्या घरचे कामासाठी हैदराबादला निघाले. टेम्पोत सामान चढत असताना ती म्हणाली, "एकदा तरी पक्षी जिकला म्हण की." मी हट्टानं "न्हाई" म्हटलं. पुढं वर्षभर दोघींच्या बाजूनं मी एकटीच भांडत राहिले, आणि हळूहळू तिचंच खरं वाटायला लागलं. दिवाळीला ती आली तेव्हा मी धावत जाऊन सांगितलं, "तुझा पक्षीच जिकला गं!" "कोनता पक्षी?" तिनं विचारलं, आणि धाकट्या भावाशी तेलुगूत बोलायला लागली. मलाही काही आठवत नसल्यासारखी मी हसले. आता ऑफिसात माझं म्हणणं सगळे लगेच मान्य करतात. तसं भांडणारं कुणी पुन्हा भेटलं नाही.