पाठीवरच्या दोन थापा: सुपरबाईक विकून स्पोर्ट टूररवर, बेळगाव ते निपाणी आणि आंबोलीमार्गे परत

सुपरबाईक विकायचं मी तीन वर्षं टाळत होतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशिनशॉप आहे, दिवसभर लोखंडाशी खेळ, आणि रविवारी ती लाल, लीटरभर इंजिनची गाडी. टाकीवर पोट टेकून चालवायची. मनगटं भरून यायची, पण तक्रार करेन तर शपथ.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको शैला आंबोलीत मागच्या सीटवरून उतरली, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून बसस्टँडवर गेली आणि बेळगावच्या एसटीत बसली. मी त्या एसटीच्या मागून रिकामी गाडी घरी आणली. त्यानंतर ती माझ्या मागे बसली नाही. कुणी विचारलं की मी सांगायचो, "सीटचा दोष. वहीएवढी ती सीट, माणूस बसणार कसा?" शैला शेजारी असली तरी काही बोलायची नाही. तिचं गप्प बसणं मी होकार धरून चाललो होतो.

यंदा मात्र ठरवलं. लाल गाडी दिली आणि वापरलेली स्पोर्ट टूरर घेतली. ज्यांना फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंजिन दमदारच, पण हँडल उंच, पाय ठेवायची जागा खाली, समोर वारा अडवणारी काच, मागची सीट रुंद आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. आमच्या रविवारच्या टोळीतला सचिन पेट्यांकडे बघून म्हणाला, "काय रं, दूध घालायला जातोस काय आता?" मी हसलो, पण लागलं.

शैलानं एकच फेरी कबूल केली. टिळकवाडीतल्या आमच्या घरून तिच्या माहेरी निपाणीला, येताना आंबोलीवरून. "आंबोलीत परत उतरावं वाटलं तर मी उतरणार," ती म्हणाली. "आणि मग जन्मात परत विचारायचं न्हाय." मी म्हटलं, चालेल. काही झालं तरी तिला मागच्या सीटवर बसवूनच घरी आणायचं, एवढा एकच निश्चय करून जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला निघालो.

काकती सोडलं की वंटमुरीचा घाट. लाल गाडीवर मी हा घाट कधी बघितलाच नव्हता. नजर पुढच्या दहा फुटांवर. आता पाठ सरळ होती आणि डोंगरावरचं ऊन दिसत होतं. कारखाने चालू असल्यामुळे महामार्गावर उसाचे ट्रॅक्टर भरपूर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या आणि गाणी मोठ्यानं लावलेली. त्यांना ओलांडताना घाई करू नका, मागची ट्रॉली हेलकावते. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नाहीत, डाव्या कडेची चिंचोळी वाट धरायची.

संकेश्वरच्या अलीकडे इडली-वड्याला थांबलो. दोघांचा नाष्टा चहासकट दीडशेच्या आत. पूर्वी कुठंही थांबलो की कुणीतरी विचारायचंच, "अण्णा, किती पळती?" इथल्या वाढप्यानं पेट्या बघितल्या आणि विचारलं, "अण्णा, लांब निघालाय काय?"

"निपाणीला," मी म्हणालो.

"एवढंच व्हय?" म्हणून तो सांबार आणायला गेला. शैलाला हसू आवरेना.

निपाणीत सासूबाई कट्ट्यावर विड्या वळत बसल्या होत्या. मुलानं कितीदा बंद करायला सांगितलं तरी हातांना चैन पडत नाही. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, शेजारी त्यांच्याच वयाच्या शांताक्का, त्यांचंही सूप भरलेलं. पान घ्यायचं, तंबाखूची चिमूट, वळायचं, दोरा. डोळ्यांनी धरता येत नाही इतक्या वेगानं.

मी उत्साहानं गाडी दाखवली. "बघा, सीट केवढी रुंद. आता शैलाला काही त्रास नाही."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "सीटचं काय सांगताय जावईबापू? थापा मारून मारून हात दुखालता पोरीचा."

"आई, गप की!" शैला म्हणाली.

"का गप? तीन वरसं झाली, त्यास्नी कुणी सांगायचं?"

मग कळलं. त्या दिवशी आंबोलीच्या प्रत्येक वळणावर शैला माझ्या पाठीवर थापा मारत होती. हळू चालवा, हळू चालवा. आणि मी त्या थापा शाबासकी समजलो होतो! प्रत्येक थापेला गाडी अजून वाकवत होतो. शांताक्का हसता हसता सुपातली तंबाखू सांडून बसल्या. मला मात्र लाज वाटली, कानापर्यंत.

"आमचं बघा," सासूबाई म्हणाल्या, "हात थांबत न्हाईत, मान वर हुईत न्हाई. पण शेजारची काय म्हणती त्ये कानावर पडतंय का न्हाई?"

"मी हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र बसवतो," मी घाईघाईनं म्हणालो.

"यंत्र नको," शैला म्हणाली. "थाप कळू दे. दोन थापा म्हंजे हळू."

"आणि एक?"

"ते बघू."

जेवायला ज्वारीची भाकरी, भरलेलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. लेक माहेराहून रिकामी जात नाही, त्यामुळे पेट्या लगेच कामाला आल्या: एकीत पीठ, दुसरीत गूळ आणि शेंगा. सासूबाईंनी दोन्ही पिशव्या हातात तोलून बघितल्या आणि "दोनीकडं सारखं झालं" म्हटल्यावरच भरू दिलं. एकीकडे जड भरलं तर गाडी वळणावर ओढते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी निघालो. टाकी निपाणीतच भरून घ्या, पलीकडे महाराष्ट्रात पेट्रोल महाग पडतं. परत संकेश्वर, तिथून गडहिंग्लज, आजरा. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे, आणि तोच धोका आहे. आजऱ्याच्या पुढे मागून तो आवाज आला. चार सुपरबाईक सूं करून गेल्या, शेवटची लाल, थेट माझ्या जुन्या गाडीसारखी. माझं मनगट माझ्या आधी फिरलं. काटा एकशे दहा, एकशे वीस.

पाठीवर दोन थापा पडल्या.

खरं सांगतो, ऐकल्या नाहीत. म्हणजे कळल्या, पण मनात म्हटलं, एवढं एक वळण. तेवढ्यात लाल गाडीचा मागचा दिवा पुन्हा दिसला. परत दोन थापा. आणि मग काहीच नाही. हात नुसता पाठीवर होता.

तेव्हा मला भीती वाटली. तीन वर्षांपूर्वीही थापा अशाच थांबल्या होत्या, आणि मला वाटलं होतं, चला, वळणांत रमली. पुढच्या अर्ध्या तासात ती एसटीत बसली होती. मी मनगट सैल सोडलं. काटा साठवर आला. लाल दिवा झाडीत गेला, आवाजही गेला, आणि मी त्याच्यामागे गेलो नाही.

आंबोली आलं. बसस्टँडवर बेळगावची एसटी उभीच होती! मी गाडी थांबवली. शैला उतरली, हेल्मेट काढलं आणि सरळ एसटीकडे चालू लागली. हाक मारावी असं फार वाटलं. पण कुठल्या तोंडानं मारणार? ती कंडक्टरशी बोलली. मग वळून परत आली.

"काय विचारलंस?"

"शेवटची गाडी किती वाजता ते. ठाऊक असलेलं बरं."

"आजऱ्याच्या पुढं चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच. पण या वेळी ऐकलासा." मग ती म्हणाली, "चहा घेऊ चला, गार वारं लागालंय."

चहा, गरम कांदाभजी, आणि ती पुन्हा मागे बसली. चंदगडकडचा रस्ता अरुंद आहे, वळणावर गुरं भेटतात, पन्नास-साठच्या वर जाऊ नका. वाटेत दोनदा थापा पडल्या आणि दोन्ही वेळा मी लगेच वेग उतरवला. दुसऱ्या वेळी वळणापलीकडे खरंच म्हैस उभी होती. दिवेलागणीला शिनोळी ओलांडून टिळकवाडीत पोचलो. दिवसभरात अडीचशेच्या आसपास किलोमीटर झाले. मनगटं ठीक, पाठ ठीक.

लाल गाडीची आठवण येते का? येते. तिच्यासारखा आवाज या गाडीला नाही आणि होणारही नाही. पण सचिनला मी फोन करून खरं कारण सांगितलं: दोष सीटचा नव्हता, माझा होता. एकदा ठरवल्यावर गाडी बदलायला मला एक महिना लागला. बाकीचं आजऱ्याच्या पुढे सुरू झालंय, वेळ लागेल.

तर त्या संध्याकाळी फाटकात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि पाठीवर थाप पडली. एकच.

"आता काय? गाडी तर उभी आहे."

"ही शाबासकी," शैला उतरता उतरता म्हणाली. "फरक ध्यानात ठेवा."