तीन पिशव्यांत बांधलेले बोंबील

लूसी तुस्कानोसारखी सरळ बाई मी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबात दुसरी पाहिली नाही, आणि हे मी तिच्याशी वीस वर्षं भांडून सांगते आहे. ती हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स, मी तिथल्याच फार्मसीत. औषधात कुणाची चूक झाली की अर्ध्या तासात लेखी रिपोर्ट, मग चूक करणारी ती स्वतः का असेना. एकदा एका पेशंटला तिने गोळी दहा मिनिटं उशिरा दिली, तर तेही लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी म्हटलं, "अगं, जाऊ दे की." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एका गोष्टीत मात्र ती चोर होती. वसईहून आली त्याच वर्षी तिने घरात सुके बोंबील भाजले आणि शेजारणीने घरभाडं बघणाऱ्या एजंटला फोन केला, की या घरात काहीतरी मेलं आहे. एजंट येऊन खोल्या हुंगून गेला. त्यानंतर तीस वर्षं लूसीने बोंबील गॅरेजमध्ये दार लावून भाजले, आणि शिफ्टला जाण्याआधी दोनदा केस धुतले. हे ती हसत सांगायची. मीही हसायचे.

गेल्या वर्षी ती रिटायर झाली आणि आम्ही दोघी आफ्रिकेला गेलो. झांबियातून निघून बोट्सवानामार्गे नामिबिया, एका उंच ट्रकमधून वीस दिवस. प्रवासी सोळा, बहुतेक ऑस्ट्रेलियन. तंबू आपणच ठोकायचे, भांडी आपणच घासायची. ट्रक चालवणारा आणि आमचा म्होरक्या रिकी. स्वयंपाकाला झांबियाचा मुसोंडा, चाळिशीचा, कमी बोलणारा. तो लूसीला 'मामा' म्हणायचा. तिकडे आईच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात.

पहिल्याच दिवशी रिकीने बजावलं: कॅम्पला कुंपण नसतं, तरसं वासावर येतात. तंबूत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, सगळं ट्रकच्या पेटीत. सगळ्यांनी आपापली बिस्किटं, चॉकलेटं आणून दिली. लूसीने काही दिलं नाही. तिच्या बॅगेच्या तळाशी तीन पिशव्यांत बांधलेले भाजके बोंबील होते. तंबूत शिरताच मला कळलं.

"लूसी, दे ते पेटीत."

"सगळ्यांच्या खाण्यात? अख्ख्या ट्रकला वास लागेल. सगळे माझ्याकडे बघतील."

"बघू देत."

"तुला काय जातंय बोलायला, सुखदा. तुझ्या घरी नाही आला एजंट."

सहाव्या दिवशी आम्ही प्रवासी पहाटे तिथल्या जीपमधून प्राणी बघायला गेलो. रिकी आणि मुसोंडा मागाहून पाणी भरायला गेले. दहा वाजता परतलो तर आमचा तंबू फाटलेला, लूसीची बॅग झुडपाजवळ उलटी पडलेली आणि वाळूत तरसाचे ठसे. बोंबील पिशव्यांसकट गेले होते.

आदल्या दिवशी मटण झालं होतं, आणि हाडं जाळून टाकायचं काम मुसोंडाचं. रिकीने त्याला विचारलं, "जाळली होतीस?" तो म्हणाला, "जाळली." रिकीने राखेत बूट फिरवला आणि एक अर्धवट जळलेलं हाड निघालं. तेवढं पुरे झालं. तंबूत कुणी असतं तर, असं रिकी दोनदा म्हणाला. मुसोंडाने आमच्या तंबूकडे एकदा पाहिलं आणि तो गप्प राहिला.

लूसीही गप्प राहिली. दहा मिनिटांचा उशीर लिहून देणारी बाई दोन दिवस त्याच्या हातची पेज प्यायली आणि तिने तोंड उघडलं नाही. मला तिचा संताप आला होता. आणि मी? तिची लाज आहे, ती तिनेच सांगावी, असं मी स्वतःला समजावत होते. फार सोयीचं होतं ते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी माउन गावात सहलीच्या कंपनीच्या माणसाने मुसोंडाला कामावरून काढून ट्रकवरून उतरवलं. जाताना त्याने प्रत्येकाशी हात मिळवला, आमच्याशीही.

त्याच संध्याकाळी जेवणाआधी लूसी खुर्चीतून उठली. "इट वॉज माय फिश," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं, गॅरेजसकट. कुणी नाक मुरडलं नाही.  रिकी म्हणाला, "यू शुड हॅव टोल्ड मी येस्टरडे, लूसी."

घरी आल्यावर तिने कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. 'आपल्या फीडबॅकबद्दल आभार,' एवढंच उत्तर आलं. तिने आणखी तीन पत्रं लिहिली. शेवटी रिकीकडून मुसोंडाचा नंबर मिळवला.

गेल्या रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, तिने फोन लावला. एकटीने बोलायचा धीर होईना म्हणून मला बोलावून घेतलं होतं. फोन स्पीकरवर ठेवला. मुसोंडाला नंतर कुठल्याच ट्रकवर काम मिळालं नव्हतं. तो भावाच्या शेतात राबत होता. लूसी माफी मागत राहिली. तिचं संपेपर्यंत तो थांबला.

"मामा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "माझी आईसुद्धा मासे वाळवते. तो वास मला कळणार नाही?"

"मग तू रिकीला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल. दोन दिवस वाट पाहिली."

लूसीने डोळ्यांना पदरासारखा टेबलावरचा नॅपकिन लावला. 

"तुमची मैत्रीण कशी आहे?" त्याने विचारलं. "तिलाही माहीत होतं, ना?"

लूसीने माझ्याकडे पाहिलं. मी फोनजवळ वाकले आणि हो म्हणाले.