किसन पुढे, मी मागे: लाहौलच्या ग्रॅनाइटवर

"यांना पुढं घाला, ताई. नायतर घरीच ऱ्हाऊ द्या," खोपोलीत किसनच्या दारात बॅगा भरताना त्याची बायको सुरेखा मला म्हणाली.

किसन कारखान्यात फिटर आहे आणि माझा दर रविवारच्या चढाईतला जोडीदार. गेल्या वर्षी ढाक किल्ल्याच्या बाजूच्या एका सुळक्यावर त्याच्या हातातला दगड निखळला, तो पडला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून दोर घेऊन पुढे चढायची त्याची हिंमत होईना. घरातही तो गप्प गप्प. तो गप्पपणा सुरेखाला मोडलेल्या मनगटापेक्षा जड जात होता.

पनवेलहून रेल्वेने चंडीगड, तिथून बसने मनाली, डोंगरातल्या लांब बोगद्यापलीकडे लाहौल, मग जीपने शेवटचं गाव. पुढे दोन दिवस चाल. जाणार असाल तर सामानासाठी घोडे आधीच ठरवा, सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. आणि सुकटीची चटणी न्या. रोजच्या राजमा-भाताला दुसऱ्याच दिवशी कंटाळाल.

सुळके पाहिले आणि मी खूश झाले. उभे, करडे, कुठे सुटा दगड नाही की माती नाही. आमच्याकडचा दगड ठिसूळ, म्हणून हात घालण्याआधी तो मुठीने ठोकायचा, पोकळ वाजला तर सोडायचा. किसन इथेही तेच करायला लागला. तंबूजवळचा धोंडासुद्धा ठोकून बघितला.

"भाईसाहब, दरवाज़ा क्यों खटखटा रहे हो? अंदर कोई नहीं है," घोडेवाला म्हणाला. किसनही हसला.

मी चढेन याची मला खात्रीच होती. सुळक्याचा खालचा भाग मी पुढे राहून चढले. शेवटची उभी भेग आली, तिच्यात हात खुपसून मूठ आवळायची आणि वर सरकायचं. मी दोर किसनकडे दिला. तो निघाला, पण पुन्हा ठक ठक. मागून ढग चढत होते.

"किसन, ठोकणं बंद कर! हा आपला दगड नाही!"

"ताई, निखळला तर?"

"तर मी आहे ना खाली!"

दोर हलेना. त्याला खाली बोलवावं आणि आपणच जावं, असं दहादा वाटलं. मी जात्याच उतावळी, पण दोर धरून उभीच राहिले. मग दोर माझ्या हातातून वर सरकू लागला आणि सरकतच राहिला. त्याच्या मागून मी माथ्यावर पोचले तेव्हा किसन ढसाढसा रडत होता, आणि त्याला पाहून मीही.

खोपोलीत परतलो तेव्हा सुरेखाने त्याचे सोललेले हात बघितले.

"पुढं कोण व्हतं?"

मी तोंड उघडणार, तोच किसन म्हणाला, "मी."

ती हळद आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले. हळदीचा डबा हातात धरून ती रडत होती.

"अगं, तूच म्हणालीस ना, यांना पुढं घाला?"

"मीच म्हनले," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "आता दर रविवारी माझाच जीव टांगणीला."