जी राहिली ती का राहिली

विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि हे सरांना ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. निवृत्तीनंतर लोक झाडांना पाणी घालतात, नातवंडं खेळवतात. चाळणीसर शोधनिबंध तपासत. नियतकालिकाचे संपादक लेखकाचं नाव काढून निबंध पाठवायचे आणि तो छापण्याजोगा आहे की नाही, हे सर कळवायचे. लेखकालाही तपासणाऱ्याचं नाव कधी कळत नसे. या कामाचा मान मोठा, पण तो घरातल्या घरात, बायकोपुढेच मिरवावा लागतो. ती बिचारी मिरवू द्यायची.

त्या दिवशीचा निबंध गांडुळांवर होता. धुण्याचं साबणाचं पाणी मुरतं त्या मातीतून गांडुळं पळ काढतात, असं त्यात म्हटलं होतं. चौथ्या पानावरचा तक्ता पाहिला आणि सर खुर्चीतून उठलेच. हा तक्ता त्यांनी पूर्वी पाहिला होता, एका मुलीच्या पीएचडीच्या प्रबंधात. त्या प्रबंधाचे परीक्षक तेच होते.

"अहो, काय झालं?" बायकोने आतून विचारलं.

"चोरी! भरदिवसा!"

"अगंबाई, कुणाकडे?"

"आपल्याकडेच समज."

ती मुलगी सरांच्या मनात घर करून बसली होती. तोंडी परीक्षेत त्यांनी तिला विचारलं होतं, "पळाली त्यांचं कळलं. पण जी राहिली ती का राहिली?" सगळे हसले. मुलगी हसली नाही. "माहीत नाही, सर. शोधून काढीन," म्हणाली. इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणणारं माणूस सरांना पुन्हा भेटलं नाही. अशा मुलीच्या कष्टांवर कुणीतरी डल्ला मारतंय म्हटल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढची पानं त्यांनी उलटलीच नाहीत. चोराच्या पुढच्या पानांत काय बघायचं? 'हे सारे एका जुन्या प्रबंधातून उचललेले आहे. अशा व्यक्तीला संशोधनाच्या आसपासही फिरकू देऊ नये,' असा अभिप्राय त्यांनी धाडून दिला. त्या दुपारी ते दोन घास जास्तच जेवले.

महिन्याभराने तीच मुलगी दारात उभी. पुढचे केस पिकलेले, खांद्यावर जड पिशवी.

"गांडूळताई! ये, ये!" सर आनंदाने ओरडले. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं.

तिने पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. तिचा निबंध चोरीचा ठरवून परत आला होता. संपादकांनी तिच्या कॉलेजलाही कळवलं होतं. इतकी वर्षं हंगामी नोकरीवर काढल्यावर आता कुठे कायम व्हायची वेळ आली होती, आणि निवड समिती सोमवारी बसणार होती.

"माझ्याच प्रबंधातून मी चोरलं म्हणे! लेखक ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही, असा नियम. म्हणून मी प्रबंधाचा उल्लेखच गाळला. तिथेच फसले. सर, तुम्ही माझे परीक्षक होतात. हे काम माझं आहे, एवढं लिहून द्याल?"

सरांना चौथ्या पानावरचा तक्ता आठवला. ज्याचा प्रबंध तोच पुढे त्यावर निबंध लिहितो, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं.

"देतील की लिहून!" बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली. "यांना चोरीची भारी चीड. मागेही कुठल्याशा निबंधावरून केवढे तापले होते."

मुलीला त्यातून काही उमगलं नाही. पत्र द्यावं, तिचे आभार घ्यावेत, विषय मिटवावा, असं सरांच्या मनात आलं. संपादक तर तोंड उघडणार नव्हते. सरांनी कागद पुढे ओढलाही.

"सगळे तुमच्यासारखे असते ना, सर, तर ही वेळच आली नसती," ती म्हणाली.

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"पत्र देतो. पण तो अभिप्राय माझाच होता."

मुलगी चिडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "पूर्ण वाचला होतात?"

"नाही. चौथ्या पानापर्यंत."

तिने पिशवीतून निबंध काढला, मधलं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. वर ठळक मथळा होता: 'जी गांडुळे राहिली ती का राहिली.'

"तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे, सर. त्यातच एवढी वर्षं गेली."

सरांचा हात पानाकडे गेला. तिने निबंध हळूच बाजूला सारला आणि कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"आधी पत्र लिहा," ती म्हणाली. "हे नंतर वाचलंत तरी चालेल."